फ्लॉपीची पूजा

आमच्या भुकूममध्ये तेव्हा कम्प्युटर कुणी पाहिला नव्हता, पण कम्प्युटरबद्दल मत नाही असा माणूसही गावात सापडला नसता. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि पुण्यात कम्प्युटरचा कोर्स करायचा म्हणून हटून बसले, तेव्हा तर ज्याला त्याला कंठ फुटला. तलाठ्यांचं म्हणणं, आधी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शाळेतले गुरुजी म्हणाले, इंजिनियर असल्याशिवाय त्या मशीनच्या खोलीत पाऊलही टाकू देत नाहीत. एका चुलत्यानं तर डोळे तपासून घ्यायला सांगितलं, कारण त्या पडद्याकडे बघून माणूस वर्षभरात आंधळा होतो म्हणे. हे सगळं पारावर बसून चाललेलं, आणि माझ्याशी बोलायची तसदी कुणी घेतलेली नव्हती.

खरं काय लागतं ते पेपरातल्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं होतं. कोणत्याही शाखेची पदवी, गणित असेल तर बरं, आणि एक कलचाचणी. कलचाचणी म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल कोण करतंय? मी आपली पौडहून येणाऱ्या एसटीनं पुण्याला गेले आणि परीक्षेला बसले. आकड्यांच्या रांगा होत्या, पुढचा आकडा ओळखा. चौकोन आणि त्रिकोण होते, वेगळा कुठला ते सांगा. मला तर मजाच वाटली. ज्या वर्गात जाते म्हणून गाव मला आंधळं करायला निघालं होतं, त्या वर्गात मी अशी कोडी सोडवत शिरले.

आता आप्पांचं सांगते. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांची भाताची गिरणी होती, पौड रस्त्याला लागूनच. मोठं ऑइल इंजिन, त्यावरून फिरणारा पट्टा आणि पलीकडे भात सडायचं यंत्र, ज्याला सगळे हलर म्हणायचे. इंजिनाचा आवाज पार ओढ्यापलीकडे ऐकू जायचा आणि तो ऐकूनच बायका डोक्यावर पोती घेऊन घरातून निघायच्या. आप्पा बोलायला कमी, पण मशीनशी फार बोलायचे. पट्टा घसरला की त्याला शिव्या, नीट चालला की त्याची स्तुती. माझ्या वाट्याला त्यातलं काहीच यायचं नाही.

कोर्सला त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाले की शिकायचं तेवढं शिक, नोकरीचं मागनं बघू. ह्या 'मागनं बघू'मागे काय दडलंय ते मला पक्कं माहीत होतं. लवळ्याचं एक स्थळ माझ्यावर डोळा ठेवून बसलं होतं. माणसं चांगली, शेती चांगली, मुलगाही चांगला असेल, पण मला नव्हतं जायचं. आईकडून निरोप आला तो असा: कोर्स संपताना कंपनीची माणसं मुलं निवडायला येतात ना, त्यात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर लवळ्याला होकार. म्हणजे माझं सगळं त्या एका दिवसावर आलं होतं. मी रागानं दोन दिवस आप्पांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण एरवी तरी आम्ही कुठं बोलत होतो?

कोर्सच्या जागी पहिल्या दिवशी मला चपला बाहेर काढायला लावल्या. आत जाड गालिचा, खिडक्या बंद आणि असला गारवा की भर मे महिन्यात आम्ही पोरी स्वेटर घेऊन जायचो. एसटीतली माणसं माझ्या हातातल्या स्वेटरकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी काही खुलासा करत बसले नाही. मशिनी होत्या थोड्या आणि आम्ही पुष्कळ, त्यामुळे नंबर लावायला लागायचा. तासन्‌तास बाकावर बसून कागदावर प्रोग्रॅम लिहायचा आणि आपला नंबर आला की आत जाऊन भराभर टाइप करायचा. शहरातल्या मुली ह्या नंबरावरून कुरकुरायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही, माझं सगळं बालपण गिरणीतल्या नंबरात गेलेलं.

शेवटी प्रत्येकानं एक प्रोग्रॅम स्वतः तयार करायचा होता, आणि कंपनीची माणसं तोच बघणार होती. कुणी पगाराचा केला, कुणी लायब्ररीचा. मी म्हटलं, मला जे येतं ते करावं. मी गिरणीचा नंबर केला.

तुम्हाला वाटेल त्यात काय, जो आधी आला त्याचं भात आधी. अहो, गिरणीत असं नसतं. आप्पांचे कायदे वेगळेच. डोंगरावरच्या वाडीतून चालत आलेल्या बाईचं पोतं आधी, कारण तिला उजेडात घरी पोचायचं असतं. कार्य असलेल्या घराचं त्याच्या पाठोपाठ. भात ओलसर असेल तर ते मागे, ऊन खाऊ दे म्हणायचे. आणि रस्त्यावरच्या दुकानदाराचं, जो सायकलवर पोतं टाकून यायचा आणि घाई करायचा, ते सगळ्यात शेवटी. मी एका संध्याकाळी आप्पांच्या शेजारी बसून हे सगळं विचारून घेतलं. कशाला विचारतेस, असं त्यांनी विचारलं नाही. पट्ट्याला राळ लावता लावता एकेक सांगत गेले. आमच्यातलं आयुष्यातलं सगळ्यात लांबलेलं बोलणं ते.

घरी मशीन नाही, मग प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते कळणार कसं? मी आईला मशीन केलं. परसात तिच्यापुढे चिंचोके ठेवले, एकेक चिंचोका म्हणजे एकेक पोतं, आणि तिला बजावलं की मी सांगेन तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही. बिचारीनं पहिल्या फेरीत नीट केलं. दुसऱ्या फेरीत एक चिंचोका तिनं गुपचूप पुढे सरकवला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाली की ती बाय पोटुशी हाय, तिला उनात कुटं ताटकळत ठेवतीस. मी कपाळावर हात मारला. पण मग विचार केला आणि तो नियमही प्रोग्रॅममध्ये घातला. पहिला कच्चा आराखडा वहीत होता, पण असे नंतरचे सगळे बदल मी थेट मशीनवरच केले आणि ते एका फ्लॉपीत साठवले.

ज्यांनी ती फ्लॉपी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगते. तळहाताहून मोठी, काळी, चौकोनी आणि पातळ. मध्ये एक गोल भोक. एका बाजूला लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसायची. आपलं सगळं लिखाण त्या चकतीवर. वर घालायला कागदाचं पाकीट.

नवरात्र सुरू झालं आणि एका सकाळी चहा पिता पिता आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "खंडेनवमीला तुजं हत्यार आण."

मला आधी कळेचना. खंडेनवमीला आमच्या घरी सगळी हत्यारं पाटावर मांडली जायची. विळे, कोयता, गिरणीचे पाने, तेलाची बुधली, आईची विळी सुद्धा. ज्याच्या हातात जे, त्याची पूजा. माझ्या हातात आजवर काही आहे असं त्या पाटाच्या लेखी नव्हतंच. भावाची पाटी असायची, माझी कधी मागितली नव्हती. आप्पांनी मागितलं आणि मला असा आनंद झाला की मी चहाची कपबशी विसळायच्या नावाखाली उठून बाहेर गेले.

कम्प्युटर काही घरी आणता येणार नव्हता. मग फ्लॉपीच हत्यार. कोर्सच्या सरांनी कपाटातून ती काढून देताना मला चांगलं अर्धा तास ऐकवलं. ऊन लागू द्यायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, वाकवायची नाही, लोहचुंबकाजवळ न्यायची नाही, आणि त्या खिडकीला बोट तर स्वप्नातही लावायचं नाही. मी दोन वह्यांच्या मध्ये तिला घातलं आणि खिंड चढून एसटी भुकूमला येईपर्यंत मांडीवर धरून बसले. शेजारच्या मावशींनी टोपली ठेवायला जागा मागितली तर त्यांच्यावर खेकसलेसुद्धा.

घरी आल्यावर मी आप्पांना बजावलं, पाणी शिंपडायचं नाही. ते बरं म्हणाले. फ्लॉपी पाकिटासकट पाटावर ठेवली आणि मी आईबरोबर पुरण वाटायला आत गेले. आता ह्यात माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. पाणी नको म्हटलं होतं, बाकी काय काय नको ते मला सुचलंच नाही.

आप्पांनी पाणी शिंपडलं नाही. दिलेला शब्द पाळला. पण पाकीट घातलेलं ठेवून पूजा कशी करायची, म्हणून त्यांनी पाकीट काढलं. मधल्या भोकात सुपारी ठेवली, ती तिथं अशी चपखल बसली की जणू त्यासाठीच ते भोक पाडलेलं. आणि मग त्यांनी अंगठा ओल्या गंधात बुडवला, कुंकवात टेकवला आणि त्या लांबट खिडकीवर दाबून लावला. त्यांना ते त्या वस्तूचं कपाळ वाटलं असणार. दुसरं काय वाटणार? वर हळद, अक्षता आणि झेंडूचं फूल.

मी नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आले आणि ते लाल कपाळ मला दिसलं. आप्पा डोळे मिटून, हात जोडून बसले होते. इंजिनापुढे ते असे बसायचे, पण इतका वेळ नाही. ओठ हलत होते. माझ्यासाठी काहीतरी मागत होते, आणि ज्याच्यावर माझं सगळं अवलंबून ते त्यांच्या अंगठ्याखाली पुसलं गेलेलं होतं. मला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. मी ताट खाली ठेवलं आणि नमस्कार केला.

दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत हत्यारं हलवायची नाहीत, ही रीत. म्हणजे दोन दिवस कुंकू त्या चकतीवर बसून राहणार. दसऱ्याच्या संध्याकाळी मी फ्लॉपी उचलली, मागच्या दाराशी बसून कापसानं पुसायला गेले, तर ते लाल आणखीनच पसरलं. आईनं बघितलं. मी तिला सगळं सांगितलं, उद्याच कंपनीची माणसं येणार हेही सांगितलं आणि बजावलं, "आप्पांना ह्यातलं एक अक्षर सांगायचं नाही." तिनं गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं गेले. मशीनमध्ये फ्लॉपी घातली. खर्र आवाज, थांबला, परत खर्र. पडद्यावर चूक दाखवणारी ओळ. सरांनी फ्लॉपी बाहेर काढली, खिडकीतला लाल डाग बघितला आणि त्यांचा पारा चढला. मशीन बिघडलं असतं, केवढ्याला पडलं असतं, एवढं समजावून सांगितलं होतं, सगळं बोलून घेतलं. चूक नव्हती त्यांची, पण चार मुलींसमोर बोलले ते लागलं मला.

कंपनीकडून एक बाई आल्या होत्या. सुती साडी, जाड चष्मा, आवाज एकदम शांत. त्यांनी विचारलं, हे काय लागलंय? मी म्हटलं कुंकू. का लागलं? मग मी सरळ सांगून टाकलं, की गिरणीवाल्याची मुलगी आहे, वडिलांनी हत्यार म्हणून पूजा केली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फ्लॉपी कडेनं धरून जरा वेळ बघितली.

"प्रोग्रॅम गेला तो गेला," त्या म्हणाल्या. "काम काय करत होता ते येतंय का सांगता?"

येतंय का म्हणे! मी सुरू झाले. वाडीवरची बाई, कार्याचं घर, ओलं भात, सायकलवाला दुकानदार आणि आईची ती पोटुशी. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी आप्पांच्याच आवाजात बोलतेय, त्यांच्याच क्रमानं. बाईंनी मध्येच विचारलं, एकाच दिवशी दोन कार्याची घरं आली तर? हे मी प्रोग्रॅममध्ये घातलंच नव्हतं. पण आमच्या गिरणीत असं झालेलं मला आठवत होतं. मी म्हटलं, ज्यांची हळद आधी त्यांचं भात आधी. बाईंनी सरांना एक कोरी फ्लॉपी द्यायला सांगितली आणि मला म्हणाल्या की आज शेवटचा नंबर तुमचा, तोवर लिहून काढा.

लिहून काढला. बाकावर बसून कागदावर, मग एक मशीन मोकळं झालं तसं त्यावर. जेवले नाही, पाणीही प्यायले नाही. जुन्यातलं सगळं आलं नाही, पडद्यावरची सजावट तर गेलीच. पण नंबर लागत होता. संध्याकाळी बाईंसमोर मी नावं घातली आणि मशीननं ती क्रमानं लावून दाखवली, दोन्ही हळदींसकट. बाईंनी एकदा मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

परत आले तेव्हा आमच्या स्टॉपवर उतरल्या उतरल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गिरणीचा आवाज नव्हता. दिवाळी तोंडावर, दारात पोत्यांची रांग, आणि इंजिन गप्प. आप्पा ओट्यावर बसले होते. मी विचारलं तर म्हणाले की पट्टा तुटला. आईनं मान खाली घालून भाकरी थापली. मी इतकी दमले होते की आणखी काही विचारायचं त्राणच नव्हतं, जेवले आणि झोपले.

आठवड्यानं बोलावणं आलं. शिकाऊ प्रोग्रॅमर म्हणून मला घेतलं होतं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं. बस, एवढंच. पण त्याच दिवशी धोतर बदलून ते चालत लवळ्याला गेले आणि त्या लोकांना हात जोडून नाही सांगून आले, हे मला नंतर चुलतीकडून कळलं. पारावरच्या लोकांनीही लगेच मत बदललं. टायपिंगची काही गरज नसते हे तलाठ्यांना म्हणे आधीपासूनच माहीत होतं.

पुढच्या वर्षी परत खंडेनवमी आली. आता मी शहाणी झाले होते. ऑफिसातून एक कोरी, काहीही न लिहिलेली फ्लॉपी मागून आणली, पाटावर ठेवली आणि गप्प बसले. ह्या वेळी मात्र आत गेले नाही, आप्पांच्या समोर बसून राहिले.

आप्पांनी आधी हात धुतले आणि उपरण्याला कोरडे होईपर्यंत पुसले. मग फ्लॉपी उचलली. दोन बोटांनी, बरोबर कडेला धरून, सरांनी मला शिकवलं होतं तशी.

"रिकामी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

आईकडे बघितलं तर ती फुलं निवडण्यात गर्क. शपथ घेतलेली बाई माझी! कंपनीची माणसं आली त्या सकाळी मी एसटीत बसले असेन नसेन, तोवर तिनं सगळं सांगून टाकलं होतं.

"तुज्या मागच्या एसटीनं आलतो मी," आप्पा फ्लॉपीशीच बोलल्यासारखे बोलले. "म्हनलं, तुज्या सरांच्या पाया पडून सांगावं, पोरीची चूक न्हाई, माजी हाय. दारापत्तुर आलो, चपला काडल्या. काचंतनं बघितलं तर तू लिवत हुतीस. मग न्हाई शिरलो. समोर उसाच्या गुऱ्हाळापाशी बसलो, तू भायेर येस्तवर. तू पोरींशी बोलत हुतीस, तवर म्होरली एसटी धरली."

म्हणजे पट्टा तुटलाच नव्हता. ज्यानं कधी कुणाचं पोतं ताटकळू दिलं नाही, त्या माणसानं त्या दिवशी दारातली अख्खी रांग सोडून दिली होती आणि दिवसभर रस्त्यापलीकडे बसून माझा नंबर येण्याची वाट पाहिली होती. मी म्हटलं, रिकामी आहे आप्पा, लावा तुम्ही कुंकू, कुठंही लावा.

आप्पांनी पाकीट काढलं नाही. करंगळीच्या टोकावर चिमूटभर कोरडं कुंकू घेतलं आणि पाकिटाच्या पार कोपऱ्यात, खिडकीपासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब, एक बारीक ठिपका लावला.